मिटलेले तोंड

नातीने तोंड घट्ट मिटले. चिऊकाऊचे घास संपले, मऊ भात निवला. अखेर मी तिचे गाल दाबले. घास आत गेला, पण तिच्या डोळ्यांत प्रथमच माझे भय उमटले. मी भरवीत होतो ते तिचे पोट, की माझी काळजी?

क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी १९२८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आठवला. अंगावरून नुकत्याच सुटलेल्या बाळांपुढे त्यांनी सकस पदार्थ मांडले. त्यांतले काय व किती खावे, हे बाळांवर सोपविले. बाळे उत्तम वाढली.

आजारी मुलाने अन्न टाकले, तर डॉक्टर हवाच. परंतु निरोगी मुलाचा नकार मोडून भरविलेला घास अंगी लागेलही. प्रेम म्हणून नव्हे. आता मी वाटी पुढे ठेवतो व हात आवरतो. भूक तिची, धीर मात्र मला शिकायचा आहे.