सौंदर्याचे माप

अपंग व्यक्तीचे जीवन पडद्यावर दाखवावे काय, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते कित्येकदा दाखविले जाते. त्या जीवनातील सुंदर काय आणि असुंदर काय, हे कोणी ठरवावे, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

मी हे जयपूरच्या विद्याधर नगरातून लिहीत आहे. १७२७ साली वसविलेल्या या शहराची आखणी करणाऱ्या विद्याधर भट्टाचार्य यांचे नाव या वसाहतीला दिले आहे. याच शहरात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 'जयपूर फूट' घडविला. १९८१ साली एका अपघातानंतर मुंबईच्या सुधा चंद्रन यांचा पाय कापावा लागला. हा कृत्रिम पाय लावून त्या पुन्हा भरतनाट्यम् करू लागल्या, आणि त्यांच्याच आयुष्यावर बेतलेल्या 'नाचे मयूरी' (१९८६) या चित्रपटात त्यांनी प्रमुख भूमिका केली. त्यांची जिद्द वंदनीय आहे. परंतु अशा कथेतून आपण प्रेक्षक एक सोयीचा धडा घेतो : अपंगत्वावर मात केली, म्हणजे माणूस सुंदर होतो. मग ज्याला कधीच नाचता येणार नाही, त्याचे काय?

या प्रश्नाला एका माहितीपटाने वेगळ्या रीतीने हात घातला. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये शिकलेल्या श्वेता घोष यांनी २०१३ साली 'ॲक्सेक्स' हा माहितीपट केला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. त्यात अपंगत्व असलेल्या चार स्त्रिया सौंदर्य, 'आदर्श' शरीर आणि लैंगिकता यांविषयी स्वतः बोलतात. हे विषय आपल्या मंडळ्यांत सहसा उच्चारले जात नाहीत, आणि अपंग स्त्रीच्या संदर्भात तर नाहीच. तिला आपण जन्मभर लेकरू समजतो. लेकराला आपण सजवितो, पण त्याचे मत विचारीत नाही.

येथे पवित्र शास्त्राच्या अनुवादकाला योहानकृत शुभवर्तमानाचा नववा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. जन्मांध मनुष्य समोर असता शिष्य त्याच्याविषयी बोलतात, त्याच्याशी नव्हे. पाप कोणाचे, एवढेच त्यांना हवे असते. पुढे अधिकारी आईबापांना विचारतात, तेव्हा ते भीतीपोटी सांगतात की मुलगा वयात आलेला आहे, त्यालाच विचारा. त्यांचा हेतू भित्रा होता, पण बोलणे खरे होते. दृष्टी त्याला नुकतीच मिळाली होती; प्रौढपण मात्र तो भीक मागत बसे तेव्हाही त्याच्यापाशी होते.

तेथील मूळ ग्रीक शब्द 'हेलिकिया' असा आहे. हाच शब्द लूकने जक्कयाच्या ठेंगणेपणाविषयी वापरला आहे. एकाच शब्दाचा अर्थ एके ठिकाणी वय, तर दुसरीकडे शरीराची उंची. कोठे कोणता अर्थ घ्यावा, हे अनुवादकाला संदर्भावरून ठरवावे लागते. मला वाटते, कॅमेरा हाती घेणाऱ्यापुढेही हीच निवड असते. समोरच्याच्या शरीराचे माप घ्यावयाचे, की त्याचे वयात आलेले असणे ओळखावयाचे?

कोणी विचारील, ज्याला बोलताच येत नाही, किंवा ज्याची बौद्धिक वाढ मंद आहे, त्याला काय विचारणार? हा आक्षेप हलका नाही. पण उत्तर देण्यास शब्दच लागतात असे नाही. कोणाला खुणेने सांगता येते, कोणाला चित्र दाखवून, आणि कोणी केवळ तोंड फिरवितो. तोंड फिरविणे हेही उत्तर आहे, आणि ते मिळाल्यावर कॅमेरा खाली ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. उत्तर समजण्यास वेळ लागतो म्हणून प्रश्नच टाळणे, याला दया म्हणता येणार नाही.

वाचकहो, माहितीपट करणारे आपल्यात थोडे असतील. पण देणगीपत्रकावर, वार्षिक अहवालात, नाताळच्या कार्यक्रमाच्या पडद्यावर अपंग बंधुभगिनींची छायाचित्रे आपणही छापतो आणि दाखवितो. पाहणाऱ्याचे मन द्रवावे म्हणून त्यांतील सर्वांत दीनवाणे चित्र निवडले जाते. त्या चित्राने निधी वाढेलही, परंतु ज्याचे ते चित्र आहे तो मनुष्य त्यात लहान होतो. पुढील पत्रक छापण्यापूर्वी ती छायाचित्रे त्याच्यापुढे ठेवा. यांतले कोणते आपले म्हणून लोकांनी पाहावे, हे त्याला विचारा. त्याने एकही निवडले नाही, तर पत्रक चित्रावाचून छापा.