माजी

दिवाळीच्या साफसफाईत सदाशिव पेठेतल्या आमच्या दारावरची पितळी पाटी मी दरवर्षी स्वतः चिंचेने घासतो. तीवर माझ्या नावाखाली 'नोंदणीकृत सबब्रोकर' असे कोरलेले आहे. यंदा घासता घासता हात थांबला. सबब्रोकर हा वर्गच 'सेबी'ने ३१ मार्च २०१९ रोजी संपवला. पुष्कळांनी नव्या नियमाप्रमाणे नवी नोंदणी केली. माझे वय झाले होते, मी दुकान आवरले. यात अपराध कोणाचाच नव्हता. मग पाटी राहिली तर बिघडले कुठे?

बिघडले ते गेल्या श्रावणात. शेजारच्या वहिनी यजमानांच्या फंडाचे पैसे कुठे गुंतवावेत, हे विचारायला आल्या. "माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे," असे म्हणून मी एक नाव सुचवले. वाक्य खरे होते. पण त्यांनी ऐकले ते निराळेच: या माणसावर कोणाची तरी नजर आहे, हा चुकला तर दाद मागता येईल. ती हमी माझी नव्हतीच. ती नोंदणीची होती, आणि नोंदणीबरोबरच गेली.

कोणी म्हणेल, दाखला गेला म्हणून शहाणपण जाते काय? नाही जात. पुण्याचा शेअर बाजार १९८२ साली निघाला आणि पुढे बंदही झाला. त्या काळात घेतलेले धडे माझ्यापाशी आहेतच. परंतु लोकांच्या विश्वासातला काही भाग मला उसना मिळाला होता, आणि उसने परत करायचे असते.

शिवाय 'माजी' हा शब्द मोठा दयाळू. निवृत्त झालेला माजी, आणि गैरव्यवहारापायी काढून टाकलेलाही माजीच! अमेरिकेत 'ब्रोकरचेक' नावाची खुली नोंदवही आहे. दलालाने धंदा सोडल्यावरही निदान दहा वर्षे त्याच्या नोकऱ्या आणि त्याच्यावरच्या तक्रारी तीत कोणालाही वाचता येतात. प्रथम मला हे निष्ठुर वाटले. माणसाला मागचे पुसूच देऊ नये का? आता वाटते, क्षमा करायची ती ज्याचे पैसे पणाला लागतात त्याने. आणि त्यासाठी त्याला आधी कळले पाहिजे. न कळता ठेवलेला विश्वास म्हणजे क्षमा नव्हे.

पाटी लख्ख घासून मी कपाटात ठेवली. फराळाचे ताट घेऊन वहिनींकडे गेलो आणि न विचारता सारे सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "भावजी, हे तेव्हाच सांगायचं होतं."

खरे होते.