न मागितलेली मदत
सातवीचा वर्ग, मराठीचा तास. एकेक मूल उभे राहून एकेक परिच्छेद वाचत होते. फिरती विशेष शिक्षिका म्हणून आठवड्यातून एकदा मी त्या शाळेत जायचे. त्या दिवशी मागच्या बाकावर बसले होते. माझ्या पुढच्याच बाकावरच्या मुलाने अचानक समोरच्याच्या पाठीत कंपास टोचला. आरडाओरडा झाला, बाईंनी त्याला वर्गाबाहेर काढले. दारातून जाताना तो हसला. त्याची पाळी यायला तेव्हा तीन मुले उरली होती. वाचता न येणाऱ्या मुलाचा हा हिशोब सहसा चुकत नाही.

त्याच्या वहीवर शेरे होते: लक्ष नाही, आळशी, पालकांनी अभ्यास घ्यावा. मला तो आळशी वाटला नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मस्तीखोर ठरणे परवडते, ढ ठरणे परवडत नाही. दोन्हींतून एकच निवडायचे, तर तो कंपास उचलणारच.

चौथीपर्यंत बहुधा एकच बाई दिवसभर असतात. कोणाचे कुठे अडते ते त्यांना ठाऊक असते. पुढे विषयागणिक शिक्षक बदलतात आणि गोष्टींच्या जागी भूगोलाचे पर्जन्य, विज्ञानाचे उत्सर्जन येते. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला आपली लिपीही चकवते. ‘किती’ म्हणताना आधी ‘क’ उच्चारायचा, पण डोळ्याला आधी वेलांटी दिसते. ‘सूर्य’मधला ‘र’ कानाला ‘य’च्या आधी येतो, कागदावर मात्र ‘य’च्या डोक्यावर बसतो. बाकीची मुले हे कधी शिकली तेही विसरून जातात. या मुलाला मात्र ते दर वेळी नव्याने सोडवावे लागते. शिक्षण हक्क कायद्याने नापास करणे थांबवले (२०१९च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीपुरती वाट पुन्हा उघडली) म्हणून अशी मुले वरच्या वर्गात पोचतात, अशी तक्रार मी शिक्षकांच्या खोलीत कायम ऐकते. पण ज्या पद्धतीने एकदा वाचता आले नाही, त्याच पद्धतीने त्याच वर्गात दुसऱ्यांदा बसवून ते कसे येणार, हे मला कोणी सांगितलेले नाही.

कायदा तसा मुलांच्या बाजूने आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. महाराष्ट्राने तर १९९६मध्येच या मुलांना सवलती दिल्या. जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. तरीही आठवीतली मुले लेखनिक नाकारतात आणि आईवडील कपाळाला हात लावतात. लेखनिक बहुधा खालच्या वर्गातला असतो. कालपर्यंत ज्याला मैदानात ‘ए बारक्या’ म्हणून हाक मारली, त्याने आज आपला पेपर लिहायचा, तोही साऱ्या शाळेसमोर!

सँड्रा ग्रॅहॅम आणि जॉर्ज बार्कर या संशोधकांनी १९९०मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. मुलांना एक चित्रफीत दाखवली. दोन मुलगे गणिते सोडवताहेत; शिक्षिका एकाच्या वहीवर नजर टाकून पुढे जाते, दुसऱ्याला मात्र त्याने न मागताच मदत करते. यांतला हुशार कोण, असे विचारल्यावर मुलांनी मदत न मिळालेल्याकडे बोट दाखवले. वर्गात आपण मायेने कोणाच्या बाकाशी वाकतो, तेव्हा बाकीच्यांना काय दिसते, ते यातून कळते. ज्याच्याशी वाकतो त्याला तर अधिकच दिसते. सोप्या कामावरच्या ‘शाब्बास’चेही तसेच. तेराव्या वर्षी ‘कमळ’ वाचल्याबद्दल टाळ्या मिळाल्या, तर त्यात लपलेली कीव त्याला बरोबर ऐकू येते.

‘तारे जमीन पर’ चित्रपटाने २००७मध्ये घराघरांत डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, हा शब्द पोचवला, हे खरेच मोठे काम. पण त्यानंतर पालक मला विचारू लागले, ‘याच्यात काय लपलंय?’ त्यातल्या मुलासारखा प्रत्येकाच्या पोटात चित्रकार नसतो हो. काहींच्या पोटात नुसती भीती असते आणि तेवढीही मदतीच्या हक्काला पुरते.

त्या कंपासवाल्या मुलाच्या घरी दोन म्हशी होत्या. सकाळी दूध घालून संकलन केंद्रावरून मिळालेली पावती तो खिशात आणायचा. लिटर, फॅट, दर, रक्कम. केंद्रावरच्या माणसाची चूक त्याने दोनदा पकडली होती म्हणे. आम्ही बालवाचनाची पुस्तके कपाटात ठेवली आणि पावतीपासून सुरुवात केली. मग पशुखाद्याच्या पोत्यावरचा मजकूर, मग लसीकरणाचे पत्रक. ‘लसीकरण’ त्याला ‘कमळ’पेक्षा सोपे गेले, कारण तो शब्द त्याला हवा होता.

वर्गातल्या बाईंशी बोलून दोन गोष्टी ठरवल्या. कोणता परिच्छेद त्याच्या वाट्याला येणार, ते त्याला आदल्या दिवशी सांगायचे. आणि अडल्यावर त्याने फूटपट्टी बाकाच्या कडेला सरकवायची. पट्टी जागेवर असेपर्यंत बाईंनी फिरकायचे नाही. दुसरी अट बाईंना जड गेली. मूल अडखळत असताना गप्प उभे राहणे शिकवण्यापेक्षा अवघड असते, मलाही अजून नीट जमत नाही.

तीन आठवड्यांनी तो उभा राहिला. चार ओळी वाचल्या, पाचव्या ओळीत ‘वृक्षारोपण’पाशी थांबला. वर्ग थांबला. पट्टी सरकली. बाई जवळून गेल्या, शब्द पुटपुटल्या, पुढे निघून गेल्या. उरलेल्या तीन ओळी त्याने वाचल्या, दोन चुका करून. समोरच्याची पाठ त्या दिवशी शाबूत राहिली.

पुढच्या खेपेला मी फाटकातून आत शिरते तोच तो समोर आला. ‘बाई, उद्याचा परिच्छेद लई मोठा आहे. असला असेल तर एक दिवस आधी नाही चालत. दोन दिवस आधी सांगायला सांगा ना त्यांना.’