दिव्यचक्षू आणि एडिट केलेला फोटो

आजचं चिंतन : गीता, अध्याय ११, श्लोक ८

विश्वरूप बघायचंय असं अर्जुन म्हणतो, आणि भगवंत त्याला सरळ सांगतात, की तुझ्या या डोळ्यांना ते दिसणार नाही, मी तुला दृष्टी देतो. हा श्लोक आला की मला हमखास देवयानी दीर्घिका आठवते. (छंदच तसा आहे, इलाज नाही.)

देवयानी आपल्यापासून साधारण २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. शहराबाहेर, खऱ्या अंधारात ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. पण दिसते म्हणजे काय, तर एक राखाडी, पुसटसा डाग. छोट्या दुर्बिणीतूनही डागच, जरा मोठा. आपला डोळा प्रकाश साठवत नाही आणि मंद उजेडात त्याला रंग कळत नाहीत. कॅमेरा साठवतो. म्हणून आम्ही हौशी लोक तीन-तीन मिनिटांच्या शंभरेक फ्रेम घेतो आणि सॉफ्टवेअरने एकावर एक रचतो. दीर्घिकेचा प्रकाश प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी पडतो, नॉईज मात्र दर वेळी वेगळा, त्यामुळे सरासरीत तो विरत जातो. हिशेब कडक आहे : चित्र दुप्पट स्वच्छ हवं तर फ्रेम चौपट. शिवाय दुर्बिणीला झाकण लावून निव्वळ अंधाराचेही फोटो काढायचे. कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष कोणते हे त्यातून कळतं, आणि मग ते वजा करता येतात. मला हा भाग फार आवडतो.

एवढं झालं की निळसर भुजा आणि धुळीचे काळे पट्टे वर येतात. फोटो कुणाला दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला : "हे खरं आहे की एडिट केलंय?"

दोन्ही. प्रकाश आला होता, आपण तो फक्त दिसेल इतका उजळला. पण हल्ली अशीही टूल्स आहेत जी आधी पाहिलेल्या हजारो चित्रांवरून अंदाज बांधून बारकावे भरतात. तिथे मी थांबतो. न आलेला प्रकाश चित्रात दिसला, तर ते कितीही सुंदर असो, देवयानीचं नाही.

हौशी खगोलछायाचित्रकार ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सँती यांना देवयानीशेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक भलीमोठी कमान सापडली. इतक्या वेळा टिपलेल्या जागी, आधी कुणालाच न दिसलेली! पण ते लगेच नाचले नाहीत. दुसऱ्यांच्या दुर्बिणींतून, दुसऱ्या कॅमेऱ्यांतूनही ती येते का हे पाहिलं, आणि मग २०२३च्या जानेवारीत शोध प्रसिद्ध झाला.

आता आपल्याकडे वळू. सत्संगाच्या ग्रुपवर आपण अनुभव लिहितो. ध्यानात थोडं शांत वाटलं होतं, लिहिताना त्याचा प्रकाश होतो, मग सुगंध येतो, चौथ्यांदा सांगताना दर्शनच. हेतू वाईट नसतो. "देवाचीच महती वाढते ना, मग बिघडलं काय?" असं एका जवळच्या मित्राने मला विचारलंही होतं.

बिघडतं ते वाचणाऱ्याचं. तो रोज पहाटे उठून माळ घेऊन बसतो आणि त्याला दिसतो फक्त राखाडी डाग. त्याला वाटतं, खोट माझ्यातच आहे. मग एक दिवस तो उठत नाही. खरं तर त्याच्या वाट्याला आलं होतं ते अस्सल होतं, फक्त मंद होतं. त्याला हवे होते आणखी दिवस, आणि आपण त्याला दिला भरीव रंगांचा फोटो.

म्हणून आकाशदर्शनाला नवीन मंडळी आली की मी मोबाईलमधला फोटो आधी दाखवत नाही. आधी दुर्बीण. बरेच जण म्हणतात, "एवढंच?" मी म्हणतो, हो, एवढंच, पण हा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता. मग ते पुन्हा डोळा लावतात, आणि मागे रांगेत उभे असलेले कुरकुर करायला लागतात.