अबोला

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीवर गोटमार होते. तीत माणसे दगावली आहेत. तिचे गुणगान आम्ही करणार नाही. परंतु दगड कोणत्या तीरावरून आला हे जखमी माणसास ठाऊक असते, आणि झेंडा चंडीमातेच्या मंदिरात पोचला की दगड थांबतात.

अबोल्याचे तसे नाही. गेल्या भाऊबीजेस सौंसरच्या एका घरी पाट मांडलेला आम्ही पाहिला. पांढुर्ण्याचा भाऊ आला नाही, कारणही कळविले नाही. बहीण वर्षभराचे आपलेच शब्द आठवून त्यांत दोष शोधीत होती. न केलेला अपराधही कबूल करावयास ती सिद्ध होती. छळणाऱ्यापासून दूर होण्याचा अधिकार आम्हांस मान्य आहे. परंतु कारण न सांगता तोडणे त्या अधिकारात बसते काय? आम्हांस तसे वाटत नाही. पाट तिने रात्रीपर्यंत उचलला नाही.