दोष आजाऱ्याचा नाही

संसर्ग झालेल्या माणसानं खोलीत एकटं राहायचं, ते शिक्षा म्हणून की धर्म म्हणून? महाराष्ट्रातले पहिले दोन कोरोना रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यात सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. पुढे सौम्य लक्षणांच्या रुग्णांना घरीच वेगळं राहण्याची मुभा मिळाली आणि हा प्रश्न पेठांतल्या वाड्यांपासून उपनगरांतल्या सोसायट्यांपर्यंत पोहोचला.

ताट दाराबाहेर ठेवायचं, कडी वाजवायची, पावलं लांब गेली की आतल्यानं दार उघडायचं. ऑक्सिमीटरवरचा आकडा 94च्या खाली तर गेला नाही ना, हे रात्री-अपरात्री उठून पाहायचं. पण जिवाला लागणारा घोर अनेकदा वेगळाच असे: ‘माझ्यामुळे आईला झालं तर?’ त्यात घरात रुग्ण असल्याचं सांगणारा, दारावर चिकटवलेला कागद आणि जिन्यात नजर चुकवणारे शेजारी. सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय असे फलक लावू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाला 9 डिसेंबर 2020 रोजी सांगावं लागलं.

ही अपराधी भावना एका विषाणूनं आणलेली नाही.

सुतक, विटाळ, वाळीत टाकणं यांतून पिढ्यान्‌पिढ्या मनात रुजलं, की ज्याला बाजूला बसवलं त्याच्यात काहीतरी खोट आहे. त्यावर कर्मफळाची भर: मागच्या जन्मीचं भोवलं. विषाणू श्वासातून पसरतो. पापपुण्याचा हिशेब त्याच्या गावीही नसतो. शिवाय घरच्यांना लागण होऊ नये म्हणून कोंडून घेणारा माणूस त्या दिवसांत घरासाठी सगळ्यात जास्त सोसत असतो. त्याच्याकडे गुन्हेगारासारखं पाहणं हाच खरा अधर्म.

रुग्णाला गुन्हेगार मानणं आणि त्याची सेवा करणं, ही दोन्ही टोकं पुण्यानं 1897च्या प्लेगात पाहिली. सैनिक घरात घुसून झडती घेत, रुग्णाला रुग्णालयात आणि घरच्यांना छावणीत नेत. धास्तावलेले लोक आजारी माणूस लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

बंद दाराबाहेरच्यांनी काय करावं, हे एका जुन्या कथेत दिसतं. लोकांच्या वागण्यानं उद्विग्न झालेल्या ज्ञानदेवांनी ताटी, म्हणजे झोपडीचं दार, लावून घेतली, अशी कथा वारकरी परंपरा सांगते. धाकटी बहीण मुक्ताबाई बाहेर उभी राहून बोलत राहिली. ताटीच्या अभंगांत ती भावाला त्याच्याच मोठेपणाची आठवण करून देते. साथीत दार उघडता येत नाही, पण बाहेरून असं बोलता येतं: तू आम्हाला जपतो आहेस.

हे बोलणं आजही हवं आहे. क्षयरोगाचंच घ्या: तो ताट-वाटीतून पसरत नाही, आणि योग्य औषधं सुरू झाली की साधारणपणे काही आठवड्यांत संसर्गाचा धोका खूपच कमी होतो. तरीही कित्येक घरांत रुग्णाची भांडी महिनोन्‌महिने वेगळी ठेवली जातात, आणि गोळ्यांबरोबर ही लाजही त्याला रोज गिळावी लागते.