गाडी बिघडली, दोष कोणाचा?

चिंतनासाठी वाचन : निर्गम, अध्याय २२, योहान ७:४५-५२



गाडी गॅरेजमधून दुरुस्त करून आणली आणि चारच दिवसांत दुसरेच काही बिघडले, तर आपल्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघते? "त्या मिस्त्रीनेच काहीतरी करून ठेवले!" मग हे वाक्य घरात थांबत नाही. ते चहाच्या टपरीवर जाते, बाजारात जाते, नरसी फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्यांच्या कानावर जाते. बिलोलीसारख्या गावात कोणाचे नाव खराब व्हायला वर्तमानपत्र लागत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक होते की अमका मिस्त्री गाड्या बिघडवतो. पण त्याने ती खरोखर बिघडवली का, हे मात्र कोणी विचारलेले नसते.

विषय साधा वाटेल. परंतु यात देवाच्या दोन आज्ञा गुंतलेल्या आहेत. मिस्त्रीने निष्काळजीपणा करून आपले पैसे घेतले असतील तर सातवी आज्ञा मोडली. आपण पुराव्याशिवाय त्याला दोषी ठरवले असेल तर आठवी आज्ञा मोडली. दोन्हीकडे पाप होऊ शकते, म्हणून निवाडा सावधपणे करायला हवा.

निर्गमच्या पुस्तकात मोशेच्या नियमशास्त्राने हाच प्रश्न हाताळला आहे. त्या काळी गाड्या नव्हत्या, गाढवे, बैल आणि मेंढरे होती. एखाद्याने आपले जनावर शेजाऱ्याकडे सांभाळायला दिले आणि ते मेले, जखमी झाले, तर भरपाई कोणी करायची? "तुझ्या ताब्यात होते, म्हणून तूच जबाबदार" एवढेच सांगून नियमशास्त्र मोकळे होत नाही. जनावर चोरीला गेले तर सांभाळणाऱ्याने भरून द्यावे. रानटी श्वापदाने फाडले तर उरलेले अवशेष पुरावा म्हणून आणावेत, मग भरपाई नाही. आणि कोणी पाहिलेलेच नसेल, तर सांभाळणाऱ्याने परमेश्वरासमोर शपथ घ्यावी आणि मालकाने ती मानावी. म्हणजे काय घडले ते आधी पाहायचे, दोष मग ठरवायचा.

आता हेच आपल्या गाडीला लावून पाहू. समजा, एखाद्याने जीपच्या क्लचप्लेट बदलून घेतल्या. या कामासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. नंतर लगेच गिअर नीट पडेनासा झाला, गिअरबॉक्सखाली तेलाचे थेंब दिसू लागले, तर मिस्त्रीला विचारायला जागा आहे, कारण त्याचा हात तिथे लागला होता. चाक काढून बसवल्यावर नट ढिले निघाले, ऑइल बदलल्यावर खालच्या बोल्टातून ऑइल गळू लागले, तरीही प्रश्न त्यालाच विचारला पाहिजे.

परंतु त्याच जीपचा रेडिएटरचा रबरी पाइप आठ दिवसांनी, मे महिन्याच्या उन्हात, देगलूरच्या रस्त्यावर फुटला तर? रबर वर्षानुवर्षे उष्णतेने कडक होते आणि एक दिवस तडकते. त्याचा क्लचप्लेटशी संबंध नाही. चार वर्षांची बॅटरी बसली, शेतात उभ्या केलेल्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या, तर त्याचाही दोष गॅरेजवर टाकता येत नाही. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली, एवढ्यावरून ती पहिलीमुळे घडली असे होत नाही.

आणखी एक शक्यता आहे, ती आपल्याला आवडत नाही. मिस्त्रीने त्या दिवशी सांगितलेले असते, "साहेब, पाइप कडक झालाय, बदलून टाकू का?" आणि आपण म्हटलेले असते, "राहू दे, सध्या चालव, पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळेच्या आधी पाइप फुटला, तर तो दोष कोणाच्या नावावर लिहायचा?

योहानच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, मुख्य याजक आणि परुशी येशूला दोषी ठरवून मोकळे झाले होते. त्यांच्यातलाच एक, निकदेम, उभा राहिला. त्याने भाषण केले नाही, एकच प्रश्न विचारला. माणसाचे म्हणणे ऐकल्याशिवाय आणि त्याने काय केले हे समजल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय? या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून त्यांनी निकदेमालाच टोमणा मारला, तूही गालीलचाच काय? माणूस काय करतो हे पाहायचे सोडून तो कुठला हे त्यांनी पाहिले.

प्रियजनहो, इथे आपण थोडे थांबू या. गावात काही हरवले की पहिला संशय कोणत्या वस्तीवर जायचा, हे आपल्यातल्या पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनी सोसलेले आहे. ज्यांनी ते सोसले, त्यांच्या नातवंडांनी मिस्त्रीचे नाव, जात, धर्म पाहून दोष ठरवावा काय? तो दुसऱ्या समाजाचा आहे म्हणून लबाड, आणि आपल्यातला आहे म्हणून निर्दोष, हा न्याय नव्हे.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात आठव्या आज्ञेखाली तीन पापे वेगवेगळी सांगितली आहेत. पुरेसा आधार नसताना, अगदी मनातल्या मनातही, शेजाऱ्याचा दोष खरा धरणे हे पहिले. दोष खरा असला तरी योग्य कारणाशिवाय न जाणणाऱ्यांना तो सांगत फिरणे हे दुसरे. खोटे बोलून नाव घालवणे हे तिसरे. पहिल्या पापाला जीभसुद्धा हलवावी लागत नाही, हे लक्षात ठेवू या.

संत योसेफाकडे पाहा. तो स्वतः कारागीर होता. मारिया गरोदर आहे हे कळले तेव्हा वरवर दिसणारे सगळे तिच्या विरुद्ध होते. तरी मत्तय सांगतो की तो नीतिमान होता आणि तिची बेअब्रू करण्याची त्याची इच्छा नव्हती. त्याने गाव गोळा केले नाही. खरी गोष्ट त्याला अजून ठाऊकच नव्हती. तो थांबला, म्हणून देवदूताचा शब्द ऐकायला वेळ मिळाला.

मग अन्याय झाला तरी गप्प बसायचे काय? नाही. प्रभूने मत्तयच्या अठराव्या अध्यायात वाट दाखवली आहे. आधी एकट्याने जाऊन, त्याला एकट्याला सांगा. ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत न्या. गाडी घेऊन जा, तेल गळते ते दाखवा, शांतपणे विचारा. जुना सुटा भाग आणि पावती जपून ठेवलेली असेल तर बोलणे सोपे जाते. दुसऱ्या मिस्त्रीला दाखवायचे असेल तर जरूर दाखवा, पण त्याने स्वतः उघडून पाहिले आहे, की नुसतेच दुसऱ्याच्या कामाला नाव ठेवतो आहे, हेही पाहा.

इतके करूनही न्याय मिळाला नाही, तर कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी राहिली, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार दाखल करून घेतल्यावर आयोग ती समोरच्याकडे पाठवतो आणि उत्तरासाठी ३० दिवस देतो. फार तर आणखी १५. त्रुटी दाखवून देण्याची जबाबदारीही तक्रार करणाऱ्यावरच असते. सरकारी कायदाही निकदेमाचाच प्रश्न विचारतो, हे पाहून समाधान वाटते.

आपल्या धर्मग्रामातील जी मुले गॅरेजमध्ये काम करतात त्यांनाही दोन शब्द. लोक त्यांच्या लेकराबाळांसह त्या गाडीत बसतात. नट आवळायचा राहिला असेल तर लपवू नका, बोलावून घेऊन आवळून द्या. जक्कयाने फसवलेल्यांना चौपट परत करायची तयारी दाखवली. "हे माझ्याकडून राहिले" असे म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

आणि आपल्यापैकी कोणी विनाकारण एखाद्याचे नाव खराब केले असेल, तर फक्त पापनिवेदन करून भागत नाही. धर्मशिक्षण सांगते की क्षमा मिळाली तरी नुकसान भरून देण्याचे कर्तव्य उरते. ज्या टपरीवर आपण ते बोललो, त्याच टपरीवर जाऊन, त्याच लोकांसमोर सांगायला हवे, "माझे चुकले, त्याचा दोष नव्हता." हे कठीण आहे. परंतु त्या माणसाचे गॅरेज त्याच्या नावावर चालते. हत्यारे पुन्हा विकत घेता येतात, गेलेले नाव बाजारात मिळत नाही.

या आठवड्यात कोणाला दोष देण्यापूर्वी तीन प्रश्न मनाला विचारू या. त्याचा हात खरोखर तिथे लागला होता का? मी त्याचे म्हणणे ऐकले का? आणि हे मी त्याला सांगतो आहे, की सगळ्या गावाला?

प्रार्थना : हे न्यायी परमेश्वरा, सदोमाचा आक्रोश तुझ्या कानी आला तेव्हाही तू म्हणालास की मी खाली उतरून पाहीन. तू सर्वज्ञ असून पाहायला उतरतोस, आणि आम्ही न पाहताच निवाडा करतो. आमच्या जिभेला लगाम घाल. आमच्या कष्टकरी बांधवांचे हात प्रामाणिक ठेव आणि आमची मने न्यायी कर. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे. आमेन.